गोरा कबरस्तानातलं आडनाव कुठवर नेतं? स्कॉटिश आणि आयरिश नोंदींच्या दोन संकेतस्थळांचं परीक्षण

परतवाड्याची जुनी छावणी, चिखलदरा, कामठी. इथल्या गोरा कबरस्तानांतले दगड सावकाश वाचले, की ज्यांना आपण सरसकट ‘इंग्रज’ म्हणतो त्यांतले बरेचजण स्कॉटिश नाहीतर आयरिश निघतात. त्यात नवल नाही. 29 नोव्हेंबर 1803 ला अडगावात आणि 15 डिसेंबरला गाविलगडावर लढलेल्या फौजेचा सेनापती आर्थर वेलस्ली डब्लिनचा, आणि त्या फौजेतल्या 74व्या, 78व्या आणि 94व्या पलटणी मुळात स्कॉटलंडच्या. नागपुरात शाळा काढणारे स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडमधल्या डन्स गावचे; 1863 मध्ये ते टाकळघाटजवळ नदीत बुडून गेले. नागपूरचे पहिले अँग्लिकन बिशप एअर चॅटर्टन आयरिश.

या माणसांचे वंशज आता दूरदेशातून चौकशी करतात: आमच्या खापरपणज्याची कबर तुमच्याकडे आहे का, फोटो पाठवाल का. अशी चौकशी येते ती गावातल्या मास्तरकडे, चिखलदऱ्याच्या गाइडकडे, नाहीतर कबरस्तानाची किल्ली ज्याच्याकडे असते त्याच्याकडे. फोटो पाठवणं सोपं असतं. अडचण येते ती दगडावरचा माणूस आणि त्यांना हवा असलेला माणूस एकच, हे ठरवताना. त्यासाठी दोन संकेतस्थळं कामाची आहेत. एक स्कॉटलंडच्या सरकारी अभिलेखागाराचं ‘स्कॉटलंड्सपीपल’, जिथे मूळ पान पाहायला पैसे लागतात. दुसरं आयर्लंड सरकारचं ‘आयरिश जिनिऑलॉजी’, जे पूर्ण फुकट आहे. दोन्हींवर आडनावाचं घोडं कुठे अडतं आणि ते पुढे कसं काढायचं, हाच या परीक्षणाचा मुख्य भाग आहे.

आधी आडनावाचा स्वभाव

विदर्भातल्या माणसाला हे समजावून सांगायला वेळ लागत नाही. जात पडताळणीसाठी आजोबांचा दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा काढला आणि त्यात ‘वानखेडे’ऐवजी ‘वानखडे’ निघालं, तर एका मात्रेपायी किती चकरा होतात ते घरोघरी माहीत आहे. एकाच घरात एक भाऊ ‘देशमुख’ लावतो, दुसरा मूळ आडनाव लावतो. पाटीलकी गेली तरी ‘पाटील’ चिकटून राहतं. गाव सोडलेला माणूस नव्या गावात ‘अमुककर’ होतो. लिहिणारा कारकून जे ऐकतो ते लिहितो, आणि तेच पुढे पक्कं होतं.

तिकडेही हेच झालं, फक्त मध्ये भाषा बदलली. लोक गेलिक बोलत होते आणि नोंद करणारा इंग्रजीत लिहीत होता. गेलिकमध्ये ‘मॅक’ म्हणजे मुलगा आणि आयरिश ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज. म्हणजे हे आडनाव मुळात ‘अमक्याचा’ एवढंच सांगतं. त्याचं इंग्रजी करताना कारकुनापुढे तीन वाटा होत्या. पहिली, जसं ऐकू आलं तसं लिहायचं: लोहाराच्या मुलाचा झाला ‘मॅकगोवन’. दुसरी, अर्थ लावून भाषांतर करायचं: तोच माणूस झाला ‘स्मिथ’. तिसरी, ‘मॅक’ किंवा ‘ओ’ गाळून टाकायचा: ‘ओसुलिव्हन’चा राहिला ‘सुलिव्हन’. स्कॉटलंडमध्ये सुताराचा मुलगा एका कागदावर ‘मॅकिन्टायर’ आणि दुसऱ्यावर ‘राइट’ सापडतो. आयर्लंडमध्ये ‘ओ ब्रादान’चा ‘सॅमन’ झाला, कारण ब्रादान म्हणजे सॅमन मासा. काही ठिकाणी त्याचाच ‘फिशर’ही झाला. दगडावर ‘स्मिथ’ दिसलं म्हणून माणूस इंग्रज, असं समजून शोध थांबवू नका. इथेच सगळ्यात जास्त जण फसतात.

काही बदल सक्तीचेही होते. 1465 मध्ये डब्लिनच्या आसपासच्या इंग्रज अमलाखालच्या पट्ट्यातल्या आयरिश लोकांनी गावाचं, रंगाचं किंवा धंद्याचं इंग्रजी आडनाव घ्यावं असा कायदा झाला. स्कॉटलंडमध्ये 1603 साली ‘मॅकग्रेगर’ या आडनावावरच बंदी आली. ती 1661 ला उठली, 1693 ला पुन्हा लागली आणि शेवटी 1774 ला गेली. एवढ्या काळात त्या कुळातली माणसं मरे, ड्रमंड, स्टुअर्ट, कॅम्पबेल अशी आडनावं लावून राहिली. बंदी उठल्यावर काहींनी जुनं नाव परत घेतलं, काहींनी नाही. त्यामुळे मॅकग्रेगर घराण्याचा माग अठराव्या शतकाच्या मागे नेताना आडनाव बाजूला ठेवून शेत आणि गाव धरावं लागतं.

पहिल्या नावांचीही हीच कथा आहे. स्कॉटिश ‘टोर्मोड’ कागदावर ‘नॉर्मन’ होतो, ‘गिलेस्पी’चा ‘आर्किबाल्ड’ होतो. आयरिश ‘टायग’ कुठे ‘टिमोथी’ तर कुठे ‘थॅडियस’, आणि ‘डर्मट’ चक्क ‘जेरेमाया’. दोन कागदांवर दोन पहिली नावं दिसली म्हणून लगेच दोन माणसं धरू नयेत.

कामाची सुरुवात इथूनच

थेट स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर जाऊन पैसे भरणं ही घाई आहे. अगोदर दगड.

मॅक आडनाव दगडावर बहुतेकदा ‘एम’, वर उचललेला छोटा ‘सी’ आणि त्या ‘सी’खाली एक रेघ किंवा दोन ठिपके असं कोरलेलं असतं. दीडशे पावसाळे खाल्लेल्या दगडावर हा ‘सी’ ‘ई’सारखा किंवा ‘ओ’सारखा दिसतो, आणि आडनावाचं भलतंच काहीतरी होतं. फोटो सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर, तिरप्या उन्हात काढावा. भर दुपारी अक्षरांत सावलीच पडत नाही. दगड झाडाखाली असेल तर घरातला आरसा न्यावा आणि एका माणसानं बाजूनं अक्षरांवर कवडसा टाकावा. जे डोळ्यांना दिसत नव्हतं ते मोबाइलमध्ये स्पष्ट येतं. खडू घासणं, तारेचा ब्रश, ॲसिड हे काहीही करू नये. वाळूच्या दगडाचा वरचा पापुद्रा सुटला की अक्षर कायमचं गेलं.

दगडावरून चार गोष्टी टिपायच्या: नाव, मृत्यूची तारीख, वय आणि पलटण. पलटण सगळ्यात मोलाची, कारण तिच्यावरून पुढचा कागद ठरतो. आडनाव तीन-चार प्रकारे वाचता येत असेल तर चारही वाचनं लिहून ठेवा. त्यातलं एक निवडण्याची वेळ अजून आलेली नसते.

त्यानंतर ‘फॅमिलीसर्च’ या फुकट संकेतस्थळावर भारतातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांची सूची पाहावी. ही नोंद लंडनला गेलेल्या चर्चच्या प्रतींवरून तयार झाली आहे. मूळ प्रती ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्यांचे बंगाल, मद्रास आणि मुंबई असे तीन गट आहेत. कामठी मद्रासच्या फौजेची छावणी होती, म्हणून तिथली जुनी नोंद मद्रासच्या गटात शोधायची. नागपूर मध्य प्रांतात म्हणून बंगालच्या गटात पाहत बसणं हा नेहमीचा घोळ आहे. पानांचे फोटो ‘फाइंडमायपास्ट’ या सशुल्क संकेतस्थळावर आहेत. 1998 पासून स्वयंसेवक चालवत असलेली ‘फिबिस’ ही संस्थाही आपली सूची फुकट देते. कबरींच्या शिलालेखांसाठी ती जरूर पाहावी.

शिपाई पेन्शनवर सुटला असेल तर त्याचा सुटकेचा कागद लंडनमधल्या किऊ इथे, ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, ‘डब्ल्यूओ 97’ या गटात असतो. त्या छापील नमुन्यात अमक्या पॅरिशमध्ये (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या भागात), अमक्या शहराजवळ, अमक्या परगण्यात जन्म, अशी जागा भरलेली असते. आयरिश माणसासाठी ही एक ओळ सोन्यासारखी. पण नोकरीतच मेलेल्या शिपायाला पेन्शन नसते, त्यामुळे हा कागदही नसतो, आणि आपल्या कबरस्तानातले बहुतेक जण नोकरीतच मेलेले. अशा वेळी इथे मेलेल्याला सोडून त्याचे भाऊ-बहीण शोधायचे. ही युक्ती पुढे पुन्हा येईल.

स्कॉटलंड्सपीपल: पैसे कशाचे घेतात

खातं उघडणं फुकट आणि सूचीत शोधणंही बहुतांश फुकट. मूळ पानाचं चित्र उघडायला क्रेडिट लागतात. 30 क्रेडिटचा संच 7.50 पौंडांना मिळतो आणि जन्म, लग्न, मृत्यू किंवा जनगणनेच्या एका पानाला 6 क्रेडिट जातात, म्हणजे दीड पौंड. आपल्या पैशात एक पान पावणेदोनशे रुपयांच्या आसपास, आणि वर बँकेची परकीय चलनाची टक्केवारी. एकदा उघडलेलं पान खात्यात राहतं, परत पाहायला पैसे पडत नाहीत. क्रेडिट घेण्याआधी चालू दर आणि मुदत खरेदीच्या पानावर वाचून घ्यावी.

पैसे भरताना गाडी बहुधा कार्डावर अडते. नव्या डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतो. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन तो चालू करावा लागतो, आणि काम झालं की पुन्हा बंद करावा. ॲपमध्ये सोय दिसत नसेल तर शाखेत विचारावं. एकाच वेळी 30 क्रेडिट घ्यावेत आणि ते खर्चण्याआधी फुकट सूचीतून सगळं चाळून वहीत यादी करावी. सूचीतल्या पहिल्याच नावावर क्लिक करणाऱ्याचे पाच पानांत साडेआठशे रुपये जातात आणि हाती परक्याचा आजा लागतो.

आता हे पैसे का द्यावेत ते पाहा. स्कॉटलंडमध्ये 1 जानेवारी 1855 पासून सरकारी नोंदणी सक्तीची झाली, आणि त्यांचा मृत्यूचा दाखला जगातल्या चांगल्या दाखल्यांपैकी आहे. त्यात मेलेल्याच्या बापाचं नाव आणि धंदा असतो. आईचं नावही असतं, तेही माहेरच्या आडनावासकट. आई-बाप हयात नसले तर तसंही लिहिलेलं असतं. खबर कुणी दिली, त्याचं नातं काय, हेही. म्हणजे 1856 साली ऐंशी वर्षांची एक म्हातारी ग्लासगोत मेली, तर एका दाखल्यातून आपण 1776 च्या आसपास मूल झालेल्या जोडप्यापर्यंत पोचतो. फक्त एक भान ठेवायचं: ही माहिती मेलेल्याची नसते, खबर देणाऱ्याची असते. खबर देणारा शेजारी असेल तर मेलेल्याच्या आई-बापांची नावं अंदाजानंही असू शकतात. मुलगा किंवा मुलगी असेल तर भरवसा जास्त.

जन्माच्या दाखल्यात आई-बापांच्या लग्नाची तारीख आणि ठिकाण असतं. ही सोय 1855 ला होती, नंतर काढली आणि 1861 पासून परत आली. मधल्या वर्षांच्या दाखल्यात ती दिसली नाही म्हणून पान चुकलं असं वाटून घेऊ नये. 1855 हे एक वर्ष तर वेगळंच आहे. त्या वर्षीच्या जन्मनोंदीत आई-बापांची वयं, जन्मठिकाणं आणि आधीची मुलंही आहेत. एवढं भरायला निबंधकांना झेपेना, म्हणून पुढच्या वर्षीच नमुना आखडता घेतला. कुटुंबात 1855 चं एखादं मूल असेल तर पैसे आधी त्याच्या दाखल्यावर घालावेत.

स्कॉटिश बाईचं आडनाव हा आणखी एक आधार. लग्न झालं तरी कायद्याच्या कागदात तिचं माहेरचं आडनाव टिकतं आणि मृत्यूच्या सूचीत ती बहुधा दोन्ही आडनावांनी सापडते. नवऱ्याचं आडनाव ‘मॅकडॉनल्ड’ असेल आणि परगण्यात शेकड्यांनी मॅकडॉनल्ड असतील, तर बायकोच्या माहेरच्या आडनावानं शोधल्यावर गर्दी एकदम पांगते. नवरा-बायकोच्या आडनावांची जोडी धरणं हाच या संकेतस्थळावरचा खरा शोध. जनगणनेत मात्र बायको नवऱ्याच्याच आडनावाखाली मिळण्याची तयारी ठेवावी.

शोधाच्या चौकटीत आडनावाखाली पर्याय असतात: हुबेहूब, सुरुवात जुळणारी, ढोबळ जुळणी, उच्चाराची जुळणी, नावाचे पाठभेद, आणि रिकाम्या जागेची चिन्हं. मॅक आडनावांसाठी शेवटचा पर्याय हमखास. ‘एम’ लिहायचा, मग ताऱ्याचं चिन्ह (*), मग आडनावाचा उरलेला भाग. यात ‘एम-सी’, ‘एम-ए-सी’ आणि नुसता ‘एम’ वर स्वल्पविराम, अशी तिन्ही रूपं सापडतात. नंतर ‘एम’ काढून नुसता उरलेला भाग शोधायचा, कारण गाळलेला मॅक या जाळ्यात येत नाही. भाषांतर झालेलं आडनाव कोणत्याच पर्यायात सापडत नाही. मॅकिन्टायरला ‘राइट’ जोडण्याचं काम यंत्र करत नाही, ते आपलं आपल्यालाच करावं लागतं.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. 1855 च्या आधीच्या पॅरिश नोंदी 1553 पासूनच्या म्हणून सांगतात, पण तो फक्त सर्वांत जुन्या पुस्तकाचा काळ आहे. डोंगराळ भागात आणि बेटांवर पुस्तकं बरीच उशिरा सुरू होतात, काही मधून गहाळ आहेत. शिवाय ही पुस्तकं चर्च ऑफ स्कॉटलंडची. 1843 मध्ये ते चर्च फुटून फ्री चर्च वेगळं झालं. हिस्लॉप यांना नागपूरला पाठवलं ते याच फ्री चर्चनं. फुटीर पंथात गेलेल्या घरातल्या मुलांचे बाप्तिस्मे जुन्या पुस्तकात सापडत नाहीत. ते ‘इतर चर्च’ आणि कॅथलिक या वेगळ्या विभागांत पाहावे लागतात. 1843 ते 1854 या बारा वर्षांत घर अचानक गायब झाल्यासारखं वाटतं त्याचं एक मोठं कारण हे.

1841 च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्या माणसाचं वय बहुधा पाचच्या पटीत खाली आणून लिहिलं आहे. 39 वर्षांचा माणूस 35 चा दिसतो. 1851 पासून नेमकं वय आणि जन्माची पॅरिश येते. पण आयर्लंडहून आलेल्यांच्या रकान्यात अनेकदा नुसतं ‘आयर्लंड’ एवढाच शब्द असतो, आणि तिथेच कपाळाला हात लागतो.

ईशान्य किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावांत एकेका आडनावाची इतकी घरं होती की सरकारी कागदातही टोपणनाव लिहीत. गावातली निम्मी घरं ठाकरे असली की ‘वाड्यातले ठाकरे’, ‘पांदीवरचे ठाकरे’ म्हणावं लागतं, तसंच. असं टोपणनाव दिसलं तर ते सोडू नये, बऱ्याचदा आडनावापेक्षा तेच जास्त उपयोगी पडतं.

आयरिश जिनिऑलॉजी: फुकट, पण गाव माहीत हवं

इथे एक पैसा लागत नाही. शोधण्याआधी स्वतःचं नाव टाकून एका चौकटीत खूण करावी लागते, मग आपण यंत्र नाही हे सिद्ध करावं लागतं, आणि मूळ रजिस्टरचं पान पीडीएफ होऊन उतरतं. जन्माच्या एका पानावर दहा नोंदी, लग्नाच्या पानावर चार. नेटची रेंज कमी असलेल्या गावात एक पान उतरायला वेळ लागतो, पण एकदा उतरलं की कायमचं आपलं. सरकारनं आपल्या लोकांचे कागद असे मोकळे करावेत ही फार मोठी गोष्ट आहे, आणि या संकेतस्थळाला त्याचे पूर्ण गुण द्यायला हवेत.

कॅथलिकेतर लग्नांची नोंदणी 1845 पासून आणि सर्वांच्या जन्म-मृत्यू-लग्नांची 1864 पासून. खासगीपणासाठी जन्म शंभर वर्षं, लग्नं पंच्याहत्तर वर्षं आणि मृत्यू पन्नास वर्षं झाकलेले राहतात. 1922 नंतरच्या उत्तरेकडच्या सहा परगण्यांसाठी बेलफास्टचं वेगळं कार्यालय आहे, आणि तिथे पैसे लागतात.

आता त्रुटी. आयरिश मृत्यूच्या दाखल्यात आई-बापांची नावंच नसतात. नाव, वय, धंदा, कारण, खबर देणारा, संपलं. लग्नाच्या दाखल्यात दोन्हीकडच्या बापांची नावं असतात, आयांची नसतात. आईचं माहेरचं आडनाव फक्त जन्माच्या दाखल्यात. म्हणून आयरिश शोध मृत्यूपासून मागे जात नाही, त्याला भावंडांच्या जन्मांवरून आडवं जावं लागतं: तेच आई-बाप, तेच गाव, दोन-दोन वर्षांच्या अंतरानं मुलं. अशी पाच-सहा पानं लावून पाहिली, की एका मुलाच्या नोंदीत ‘ओ’ असतो, दुसऱ्यात नसतो, तिसऱ्यात आईच्या आडनावाचं स्पेलिंग बदललेलं असतं, आणि घर मात्र तेच असतं. आडनाव कसं सरकतं ते याहून स्पष्ट कुठे दिसत नाही. प्रत्येक शोध ‘ओ’ लावून एकदा आणि न लावता एकदा करावा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आयरिश भाषेची चळवळ वाढली तसा अनेकांनी गाळलेला ‘ओ’ परत लावला, त्यामुळे बापाला नाही आणि मुलाला आहे, असं सर्रास दिसतं.

जन्मतारखेवर फार भरवसा ठेवू नये. नोंद उशिरा केली तर दंड होता, म्हणून उशीर झालेला बाप तारीखच पुढची सांगे. चर्चच्या पुस्तकात बाप्तिस्मा आधी आणि सरकारी रजिस्टरात जन्म नंतर, असं उलटं दिसलं तर कारण हे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी जूनची जन्मतारीख टाकलेली पिढी आपल्याकडे अजून हयात आहे, तेव्हा हे समजायला जड जाऊ नये.

मोठा अडसर जागेचा. सरकारी नोंदीत शोधताना गाव टाकता येत नाही, नोंदणी जिल्हा टाकावा लागतो, आणि हे जिल्हे गरीबांना मदत देण्यासाठी आखलेल्या विभागांवरून ठरले होते. ते परगण्याच्या हद्दी ओलांडून जातात. आपल्याकडे 1998 च्या आधीचा वाशिमचा कागद अकोल्यात आणि 1999 च्या आधीचा गोंदियाचा कागद भंडाऱ्यात शोधतो, तशी ही सवय लावून घ्यावी लागते.

आयर्लंडमधला सगळ्यात लहान भाग ‘टाउनलँड’, आपल्या शिवारासारखा. ते साठ हजारांवर आहेत आणि एकच नाव कितीतरी ठिकाणी. नावाच्या शेवटी ‘मोर’ किंवा ‘बेग’ असेल तर ते आपलं बुद्रुक आणि खुर्द: मोर म्हणजे थोरलं, बेग म्हणजे धाकटं. दगडावर किंवा शिपायाच्या कागदावर गावाच्या नावाला असं शेपूट असेल तर ते टिपून घ्यायला विसरू नये. पिंपळगाव एवढंच सांगून विदर्भात कुणी पोचत नाही, तसंच तिकडेही.

1864 च्या मागे जायचं असेल तर हे संकेतस्थळ फार पुढे नेत नाही. इथे चर्चच्या नोंदी काही भागांच्याच आहेत, मुख्यतः डब्लिन, केरी, कार्लो आणि कॉर्कचा काही भाग. बाकीच्या कॅथलिक पॅरिशची 1880 पर्यंतची पुस्तकं आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं 2015 मध्ये फुकट खुली केली. ती बरीचशी लॅटिनमध्ये आहेत. जेम्सचा ‘जाकोबुस’, विल्यमचा ‘गुलिएल्मुस’, जॉनचा ‘योआन्नेस’. आडनाव मात्र इंग्रजीतच राहतं, आणि आई बहुधा माहेरच्या आडनावानं येते. याला जोड म्हणून ग्रिफिथचं मूल्यांकन, 1847 ते 1864 मधली घर-जमीन धारकांची यादी, तीही फुकट. आपल्या पेरेपत्रकासारखं त्यात फक्त धारकाचं नाव असतं, बायका-मुलं नसतात. कोणतं आडनाव कोणत्या टाउनलँडमध्ये दाटीनं होतं हे पाहायला ते उत्तम.

जनगणनेच्या बाबतीत आयर्लंडचं नशीब फुटकं. 1821 ते 1851 ची बहुतेक पुस्तकं जून 1922 मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातल्या आगीत गेली. 1861 आणि 1871 ची सरकारनंच नष्ट केली होती, 1881 आणि 1891 ची पहिल्या महायुद्धात लगद्याला गेली. 1922 च्या आधीची पूर्ण राहिली ती 1901 आणि 1911 ची. ती राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, पण गाविलगडच्या काळातल्या माणसासाठी त्यांचा उपयोग नाही.

दोन्ही मिळून वापरल्यावर

समजा, कामठीच्या दगडावर 1868 साली मेलेला मॅकगोवन नावाचा आयरिश शिपाई आहे. वय 30, म्हणजे जन्म 1838 च्या आसपास, सरकारी नोंदणीच्या कितीतरी आधी. आयरिश संकेतस्थळावर त्याचा जन्म सापडणार नाही आणि तो इथे मेला म्हणून तिथे मृत्यूही नाही. पण आयर्लंडमधल्या 1840 च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळाच्या वर्षांत हजारो आयरिश लोक बोटीनं ग्लासगो आणि पश्चिम स्कॉटलंडला गेले. त्याचा एखादा भाऊ किंवा बहीण तिकडे जाऊन 1855 नंतर मेली असेल, तर तिच्या स्कॉटिश दाखल्यावर दोघांचेही आई-बाप आईच्या माहेरच्या आडनावासकट मिळतात. आयर्लंडच्या फुकट कागदांनी जे दिलं नाही ते स्कॉटलंडच्या दीड पौंडात मिळतं. शोधताना ‘मॅकगोवन’ आणि ‘स्मिथ’ ही दोन्ही आडनावं आणि वंशजांकडून कळलेलं आईचं आडनाव घालावं. आई-बापांची जोडी हाती लागली, की ती घेऊन ग्रंथालयाच्या कॅथलिक पुस्तकात परत जायचं आणि तिथे बाप्तिस्मा शोधायचा.

जुळणी पक्की कधी म्हणायची? नुसतं आडनाव आणि वय जुळलं तर नाही. बाप, आईचं माहेर, गाव आणि धंदा यांतल्या किमान तीन गोष्टी दोन स्वतंत्र कागदांवर जुळल्या पाहिजेत. मुलांच्या नावांचाही आधार घ्यावा: स्कॉटिश घरांत थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं, दुसऱ्याला आईच्या बापाचं आणि थोरल्या मुलीला आईच्या आईचं नाव देण्याची चाल होती. ती सगळीकडे पाळली जात नसे, म्हणून तो दुजोरा आहे, पुरावा नव्हे.

आमचा कौल असा. स्कॉटिश पूर्वज असेल तर स्कॉटलंड्सपीपलवर 30 क्रेडिट घालावेत. फुकट सूची नीट चाळली असेल तर पाच पानांत दोन पिढ्या निघतात. आयरिश पूर्वज असेल तर आधी पलटणीच्या कागदातून पॅरिश काढावी, मग आयरिश जिनिऑलॉजी उघडावं. पॅरिश हाती नसताना तिथे ‘सुलिव्हन’ टाकलं तर कॉर्क आणि केरीतल्या हजारो नोंदींत दिवस जातो. मोबाइलवर दोन्ही चालतात, पण रजिस्टरचं पान मोठं करून वाचायला संगणक बरा. तालुक्याच्या ठिकाणच्या झेरॉक्सवाल्याकडे बसून पाच-सहा पीडीएफ पेनड्राइव्हवर घेतले की घरी सावकाश वाचता येतात.

वंशजांना उत्तर पाठवताना आडनाव दगडावर आहे तसंच लिहावं, चूक वाटली तरी. सुधारलेलं रूप वेगळ्या ओळीत, आपलं वाचन म्हणून द्यावं. दगडाचा पूर्ण फोटो, अक्षरांचा जवळचा फोटो आणि कबरस्तानात तो कुठल्या बाजूला आहे याचा साधा नकाशा सोबत जोडावा, म्हणजे पुढे कुणी परतवाड्याला प्रत्यक्ष आलं तर रानतुळशीच्या आणि टाकळ्याच्या झुडपांत शोधत बसायला नको.